लेबल चार इंची, पत्ता ठाण्याचा

(घरून किंवा लहान गाळ्यातून माल पाठवणाऱ्या ठाण्यातील उद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बंधू-भगिनींनो, लेबलवर पत्ता मावत नाही म्हणून आपल्याकडे सहसा दोनच उपाय केले जातात. एक तर मावेपर्यंत अक्षर बारीक केले जाते, नाही तर पत्त्याचे शेपूट जिथे तुटेल तिथे तुटू दिले जाते. मला हे दोन्ही उपाय अमान्य आहेत. पत्ता आखूड करण्याआधी त्याचा कोणता भाग कोण वाचणार आहे हे ठरवावे लागते, आणि एकदा ते ठरले की काय छापायचे व काय गाळायचे याचा निर्णय बराचसा आपोआप होतो.

पार्सलचे पहिले वाचक कुरिअरच्या हबमध्ये असतात. तिथे माणूस असो वा यंत्र, त्याला पिनकोड आणि फार तर उपनगराचे नाव हवे असते; इमारतीशी त्याला कर्तव्य नसते. दुसरा वाचक डिलिव्हरी करणारा मुलगा. त्याला नाका, रस्ता, वसाहत, इमारत आणि विंग लागते. तिसरा वाचक म्हणजे फाटकावरचा वॉचमन, जो केवळ विंग, सदनिका क्रमांक आणि आडनाव पाहतो. आपण भारतीय पत्ता लहानाकडून मोठ्याकडे लिहितो, म्हणजे आधी सदनिका आणि शेवटी शहर व पिनकोड. त्यामुळे शेवट कापला गेला की नेमके पहिल्या वाचकाचे साधन नाहीसे होते, आणि ज्या पार्सलचा पहिला वाचकच अडतो ते पुढच्या दोघांपर्यंत पोहोचतच नाही.

आता प्रत्यक्ष जागेचा हिशेब पाहू. चार इंच रुंद आणि सहा इंच उंच, म्हणजे साधारण १०० बाय १५० मिलिमीटरचे लेबल आपण सर्वच जण वापरतो. त्यातली बरीच जागा बारकोड, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि मालाचा तपशील घेतात. बारकोडच्या जागेला हात लावू नका. कोड १२८ या प्रकारच्या बारकोडला दोन्ही बाजूंना सर्वांत बारीक रेघेच्या किमान दहापट कोरी जागा लागते, आणि लांबलेली ओळ त्या कोऱ्या जागेत घुसली की स्कॅनर बारकोड वाचायला नकार देऊ शकतो. राहिलेल्या जागेत पत्त्याला पाच-सहा ओळी मिळतात.

सामान्य थर्मल प्रिंटर, म्हणजे उष्णतेने लेबल छापणारा प्रिंटर, २०३ डीपीआयचा (इंचाला २०३ ठिपक्यांचा) असतो, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सुमारे ८ ठिपके. पॉइंट हे अक्षराच्या आकाराचे माप; आठ पॉइंटच्या अक्षराची उंची जेमतेम पावणेतीन मिलिमीटर, म्हणजे अवघे बावीस-तेवीस ठिपके. रोमन अक्षरे एवढ्यात निभावतात. देवनागरीत मात्र याच उंचीत शिरोरेषेवरची वेलांटी, मात्रा, रफार आणि अक्षराखालचा उकार असे सगळे बसवावे लागते, म्हणून मूळ अक्षराच्या वाट्याला त्यातला निम्म्याच्या आसपास भाग येतो. मग ‘धा’ आणि ‘घा’ यांतला फरक पुसला जातो. देवनागरी पत्ता दहा पॉइंटच्या खाली नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अक्षर लहान करण्यापेक्षा शब्द कमी करावेत.

कमी करायचे शब्द कोणते, याचे उत्तर आपल्या गृहसंस्थांच्या नावांतच आहे. ‘को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी लिमिटेड’ हे शब्द रोमन लिपीत लिहिले तर मोकळ्या जागांसह ३६ अक्षरे होतात, आणि कित्येक कुरिअर प्रणालींत पत्त्याच्या एका ओळीची मर्यादा ३५ अक्षरांची असते. म्हणजे इमारतीचे नाव यायच्या आधीच ओळ संपली! नोंदणीच्या कागदावर त्या शब्दांना मान आहे. पार्सल पोहोचवण्यात त्यांचा काडीचा उपयोग नाही. तिथे ‘सीएचएस’ पुरते, आणि इमारतीचे नाव परिसरात एकच असेल तर तेही नको. ‘महाराष्ट्र’ आणि ‘भारत’ हे शब्दही देशांतर्गत पार्सलवर खुशाल गाळावेत, कारण पिनकोड ते काम करतोच.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पिनकोड पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवी असलेल्या मराठी अधिकाऱ्याने आखली, याचा मला फार अभिमान वाटतो. पहिला अंक विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय दाखवतात. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग ४०० याच तीन अंकांनी सुरू होत असल्याने आपल्याकडे सगळा भार शेवटच्या तीन अंकांवर येतो. घोडबंदर रोडवरच्या वसाहतींना तर ४००६०७ आणि ४००६१५ असे वेगवेगळे पिनकोड आहेत, म्हणून ‘घोडबंदर रोड, ठाणे’ एवढ्याने भागत नाही. उलट खारघर बोलण्यात नवी मुंबई असले तरी त्याचा पिनकोड ४१०२१० आहे. पिनकोड स्वतंत्र ओळीत, बाकी मजकुराच्या दीडपट आकारात छापावा. त्यासाठी एक ओळ खर्च होते, आणि ती व्हावीच.

नवी मुंबईसाठी आणखी एक दक्षता घ्यावी लागते. सिडको या सरकारी नगररचना महामंडळाने हे शहर नोडांमध्ये, म्हणजे वाशी, नेरूळ अशा स्वतंत्र उपनगरांमध्ये वसवले आणि प्रत्येक नोडात सेक्टरांची गणना नव्याने केली. सेक्टर १० वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे आणि ऐरोलीतही आहे. म्हणून ‘सेक्टर १०, नवी मुंबई’ हा पत्ताच नव्हे. तिथे ‘नवी मुंबई’ गाळले तरी चालेल, पण ‘नेरूळ’ गाळून चालणार नाही. प्लॉट क्रमांक आणि सेक्टर दोन्ही असतील तर ‘अमुक शाळेसमोर’ ही खूणही सोडता येते. जुन्या ठाण्यातल्या वाड्या आणि चाळींत मात्र हीच खूण शेवटपर्यंत राखावी, कारण तिथे क्रमांकापेक्षा देऊळ आणि पिठाची गिरणी लवकर सापडते.

ओळ कुठे तुटते हेही तितकेच महत्त्वाचे आहे. संगणक केवळ मोकळी जागा पाहून ओळ मोडतो. ‘सेक्टर’ एका ओळीच्या शेवटी आणि ‘१०’ पुढच्या ओळीच्या आरंभी आला, तर तो दहा इमारतीचा क्रमांक वाटतो. ‘४०० ६१५’ असा मध्ये जागा सोडून लिहिलेला पिनकोड अर्धा वर आणि अर्धा खाली जाऊ शकतो. अशा जोड्यांमध्ये न तुटणारी मोकळी जागा (नॉन-ब्रेकिंग स्पेस) वापरावी, पिनकोड सलग लिहावा आणि ओळ शक्यतो स्वल्पविरामापाशीच मोडावी. देवनागरीची मोजणीही फसवी असते: ‘श्रीकृष्ण’ डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, पण संगणकाच्या युनिकोड या अक्षरसंकेतात ती नऊ चिन्हे होतात, आणि ती साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत २७ बाइट, म्हणजे साठवणीची २७ एकके. बाइट मोजून मजकूर कापणारी प्रणाली जोडाक्षराच्या मध्येच सुरी चालवते.

आणि जास्तीचा मजकूर नेहमी कापलाच जातो असेही नाही. झेब्रा कंपनीच्या लेबल प्रिंटरला सूचना देणाऱ्या झेडपीएल भाषेत मजकुराची चौकट आखणारी जी नेहमीची आज्ञा आहे, तिच्यात ठरवलेल्या ओळी संपल्या की उरलेला मजकूर शेवटच्याच ओळीवर छापला जातो. शेवटच्या ओळीत पिनकोड असेल तर त्याचा काळा ठिपक्यांचा गोळा होतो, आणि पडद्यावर सारे ठीक दिसत असल्याने पार्सल परत येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. यासाठी आपल्या ग्राहकांची यादी एक्सेलमध्ये लांबीनुसार लावा, सर्वांत लांब पत्ते निवडा, आणि नवा रोल किंवा नवा नमुना वापरण्यापूर्वी तेवढे प्रत्यक्ष छापून पाहा.

टपाल खात्याने आणलेल्या डिजिपिनबद्दल मला बरेचदा विचारले जाते. दहा चिन्हांचा हा संकेत सुमारे चार मीटर बाय चार मीटरचा चौरस दाखवतो आणि लेबलवर सहज मावतो. वाड्या-वस्त्यांसाठी मी त्याचे मनापासून स्वागत करतो. मात्र तो अक्षांश-रेखांशांवर बेतलेला असल्याने त्यात उंची नाही. घोडबंदरच्या टोलेजंग इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची सदनिका आणि तिच्या बरोबर वरची अठ्ठाविसाव्या मजल्यावरची सदनिका यांचा डिजिपिन एकच येतो, म्हणून विंग आणि सदनिका क्रमांकाची ओळ लेबलवर त्यानंतरही राखून ठेवावी लागेल.