व्हॉल्व्हची गोडी आणि तंबोऱ्याची जवारी

मंडळी, बोलायला लागण्याआधी हा तंबोरा ऐकू या. मी फक्त खर्जाची तार छेडते आहे. सा तर वाजतोच आहे, पण तार विरत जाताना आतून एक गंधार उमटतो, आला ऐकू? या तंबोऱ्यावर गंधाराची तार नाही. घोडीवर तारेखाली हा सुती दोरा नेमक्या जागी सरकवला की जवारी खुलते आणि तारेच्या पोटातले वरचे स्वर मोकळे होतात. दुप्पट कंपनसंख्येचा वरचा सा, तिपटीचा पंचम, पाचपटीचा गंधार. आता दोरा काढते. सूर तोच आहे, पण तंबोरा मुका झाला.

व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरबद्दल, म्हणजे काचेच्या नळ्यांनी आवाज मोठा करणाऱ्या यंत्राबद्दल, मला जे सांगायचंय, ते या दोऱ्यापासूनच सुरू होतं.

वेस्टर्न इलेक्ट्रिकने 1938 साली आणलेला 300बी हा व्हॉल्व्ह आजही शौकिनांच्या गळ्यातला ताईत आहे. एका स्पीकरसाठी एकच लावला तर जेमतेम 8 वॅट मिळतात, आणि आवाज चढवत नेला की डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ आवाजात नसलेली यंत्राची भर, काही टक्क्यांवर जातं. ट्रान्झिस्टर म्हणजे पुढे व्हॉल्व्हची जागा घेणारा इवलासा भाग; बेताच्या किमतीच्या चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये डिस्टॉर्शन टक्क्याच्या शंभराव्या भागापर्यंत खाली असतं. मग कानाला हा व्हॉल्व्ह गोड का लागतो? कारण त्याची भर मुख्यतः दुपटीची असते, थोडी तिपटीची. म्हणजे वरचा सा आणि पंचम. सातव्या पटीचा स्वर कोमल निषादाच्याही जरा खाली पडतो, कुठल्याच जागी बसत नाही. तसले स्वर यात नगण्य असतात.

यात आपल्या संगीताचा एक खास फायदा आहे, आणि तो फारसा कोणी बोलून दाखवत नाही. दोन स्वर एकत्र वाजले की असा ॲम्प्लिफायर त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकीही तयार करतो. सा सेकंदाला 240 कंपनांचा धरा, पंचम 360. वजाबाकी 120, म्हणजे खालचा सा. बेरीज 600, म्हणजे वरच्या सप्तकातला गंधार! जुळलेल्या तंबोऱ्यावर एकच गळा गात असेल, तर यंत्राची चूकही पुष्कळदा सुरात पडते. पण ख्यालाची रेकॉर्ड काढून साठ-सत्तर वादकांचा पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा लावा. शेकडो बेरजा-वजाबाक्या एकमेकींत मिसळतात आणि सगळं गढूळ होतं. ख्यालाला गोड म्हणून जे मिरवलं, ते तिथे उघडं पडतं.

म्हणून व्हॉल्व्ह म्हणजे बिनचूकपणाचा त्याग, असं मात्र कृपा करून समजू नका. 1947 साली विल्यमसन नावाच्या इंजिनिअरने ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात केटी66 व्हॉल्व्हच्या जोडीवर एक आराखडा छापला. 15 वॅट, आणि डिस्टॉर्शन 0.1 टक्क्याच्या आत. आउटपुट ट्रान्सफॉर्मर काळजीपूर्वक गुंडाळलेला, आणि निगेटिव्ह फीडबॅक सढळ हाताने. निघालेला आवाज मूळ आवाजाशी ताडून पाहायचा आणि चूक परत आत पाठवून खोडायची, ही फीडबॅकची युक्ती हॅरॉल्ड ब्लॅकला 1927 साली कामावर जाताना फेरीबोटीत सुचली होती. या ॲम्प्लिफायरमध्ये ‘व्हॉल्व्हची ऊब’ शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागणार नाही. तो जे आत येतं ते बाहेर देतो. मला त्याचा फार आदर वाटतो.

उलट सुरुवातीच्या कित्येक ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा आवाज खरोखरच कर्कश होता, त्या काळच्या श्रोत्यांची तक्रार खोटी नव्हती. लहर शून्य ओलांडताना एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे काम जातं, तिथे खाच पडायची. आवाज जितका हळू, तितकी ती खाच प्रमाणाने मोठी. म्हणजे जिथे तान संपून सूर विरतो, नेमकं तिथेच खरखर. तो दोष कधीच दुरुस्त झाला, बदनामी राहिली.

आता घरातला एक प्रयोग सांगते. माझी धाकटी बहीण गाते, तिचा कान माझ्यापेक्षा कितीतरी तयार. तिचं म्हणणं, व्हॉल्व्हवर डग्गा भरीव लागतो. एका रविवारी मी ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या वायरीत 2 ओहमचा जाडजूड वायरवाउंड रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा तारेचा वेटोळा, जोडला. स्पीकरच्या टोकांना मल्टिमीटर लावून आवाजाची पातळी जुळवली, पडदा लावला. तबल्याचा एक तुकडा ऐकून ती लगेच म्हणाली, “हा व्हॉल्व्ह. डग्गा बघ कसा पसरतोय!” मी पडदा सरकवला. ती बराच वेळ त्या रेझिस्टरकडे बघत राहिली.

तिचा कान चुकला नव्हता. स्पीकरचा विजेला होणारा विरोध सगळ्या सुरांना सारखा नसतो. माझ्या स्पीकरचा 60 हर्ट्झच्या आसपास 30 ओहमवर चढतो आणि पुढे 6 वर उतरतो. कमी फीडबॅकच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरला स्वतःचाच 2-3 ओहमचा अंतर्गत विरोध असतो, त्यामुळे खर्जातला तो उंचवटा जवळपास 2 डेसिबलने वर येतो. डग्गा फुगतो तो इथे, आणि माझ्या रेझिस्टरने ट्रान्झिस्टरकडून तेच करून घेतलं. 1985 साली बॉब कार्व्हरने अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. ‘स्टिरिओफाइल’ मासिकाने निवडलेल्या महागड्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचं झाकणही न उघडता, आपल्या स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा आवाज त्याने 48 तासांत त्याच्याशी इतका जुळवला की संपादकांना फरक ओळखता येईना.

ज्यांना ही गोडी हवी त्यांनी ती जरूर घ्यावी, माझ्याही घरी रात्री व्हॉल्व्हच लागतो. पण ‘हाच खरा आवाज’ असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही. गायिकेने तासभर खपून आपल्या तंबोऱ्याची जवारी लावलेली असते. ती किती खुली ठेवायची हे तिने ठरवलेलं असतं. त्यावर ॲम्प्लिफायरने आपला दोरा सरकवावा का, हा प्रश्न मला तिच्या बाजूने विचारावासा वाटतो.

तर या कापडाखाली तीन जोडण्या आहेत: व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर, आणि तो 2 ओहमचा रेझिस्टर घातलेला ट्रान्झिस्टर. पातळी सकाळीच जुळवून ठेवली आहे. तुमच्याकडच्या कागदावर एक, दोन, तीन असे आकडे आहेत. आधी गळा ऐकवते, मग ऑर्केस्ट्रा. पंखे तेवढे बंद करा कोणीतरी.