केबलची दोन टोके

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दिवस लेथच्या आवाजाने सुरू होतो. त्याच रांगेतल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, एका लहान खोलीत जुने संगणक दुरुस्त होतात. टेबलावर दिसणारा हा संगणक नव्वदच्या दशकात एका छापखान्यात डीटीपीसाठी, म्हणजे संगणकावर पानांची जुळणी करण्यासाठी, वापरला जात होता. त्यात दोन स्कझी हार्ड डिस्क आहेत (स्कझी म्हणजे संगणकाला डिस्कसारखी उपकरणे एकाच केबलवर जोडण्याची एक पद्धत) आणि दोन्ही निकामी झाल्याचे मालकांना पूर्वी सांगण्यात आले होते. आता हा आवाज ऐका. दोन्ही डिस्क फिरत आहेत. जी डिस्क फिरते पण संगणकाला दिसत नाही, तिला मृत ठरवण्याआधी तिची जोडणी तपासलीच पाहिजे, असे आम्हाला ठामपणे वाटते.

1986 साली अमेरिकेत स्कझीचे मानक मंजूर झाले आणि त्याच वर्षी ही जोडणी अंगभूत असलेला मॅकिंटॉश प्लस बाजारात आला. आठ बिटांच्या या जोडणीत एका केबलवर आठ क्रमांक असतात, शून्य ते सात. सात हा क्रमांक बहुधा कंट्रोलर कार्डाचा, म्हणजे संगणकातून केबल सांभाळणाऱ्या कार्डाचा, असतो आणि उरलेल्या सातांपैकी प्रत्येक उपकरणाला स्वतःचा वेगळा क्रमांक द्यावा लागतो.

संगणक सुरू होताना पडद्यावर काय उमटते ते पाहा. एकाच डिस्कचे नाव शून्यापासून सहापर्यंत, ओळीने सात वेळा आले आहे. हा बिघाड नसून जंपरची, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपणाची, चूक आहे. डिस्कवर एक, दोन आणि चार अशा किमतीचे तीन जंपर असतात. कोणीतरी तिन्ही बसवले, त्यामुळे डिस्कचा क्रमांक सात झाला आणि ती कार्डाच्याच जागेवर जाऊन बसली. तंत्रज्ञ दोन जंपर काढतात, संगणक पुन्हा सुरू करतात आणि दोन्ही डिस्क आपापल्या क्रमांकावर दिसू लागतात.

मात्र वाचन मध्येच थांबते. शेजारी उभा असलेला मुलगा विचारतो, “काका, डिस्क गेलीय काय?” काका मान हलवतात आणि राखाडी रिबन केबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाने चाचपत जातात.

रंकाळ्याच्या दगडी बांधावर आपटलेली लाट मागे फिरते आणि मागून येणाऱ्या लाटेत मिसळते. केबलमधल्या विद्युतसंकेताचेही तसेच होते. टोकाला तो शोषून घेणारे काही नसेल, तर तो परततो आणि पुढच्या संकेताचा आकार बिघडवतो. म्हणून केबलच्या दोन्ही टोकांना संकेत शोषणारे टर्मिनेटर लागतात, फक्त टोकांनाच, मध्ये कोठेही नाही. जुन्या पद्धतीच्या टर्मिनेटरमध्ये प्रत्येक संकेततारेसाठी 220 ओहमचा एक रोध (रेझिस्टर) 5 व्होल्टच्या पुरवठ्याकडे आणि 330 ओहमचा दुसरा जमिनीकडे (ग्राउंडकडे, म्हणजे शून्य व्होल्टकडे) जोडलेला असतो. त्यामुळे तार स्वस्थ असताना तिच्यावर सुमारे 3 व्होल्ट दिसायला हवेत. टर्मिनेटर बसवलेले असूनही हे व्होल्ट मिळत नसतील, तर कार्डावरचा फ्यूज उडाल्याची शक्यता आधी पाहावी. येथे मल्टिमीटरचा आकडा 3 च्या जवळ आहे, म्हणजे पुरवठा ठीक आहे.

चूक सापडते ती मधल्या डिस्कवर. सर्किटवरच्या या तीन पिवळ्या पट्ट्या म्हणजे रोधांचे पॅक. प्रत्येकाला आठ पाय, त्यांतले दोन पुरवठ्याचे आणि जमिनीचे, उरलेले सहा संकेतांचे. तीन पॅक मिळून केबलवरच्या अठराही संकेततारा सांभाळल्या जातात. पुष्कळ डिस्क कारखान्यातून हे पॅक लावूनच येत. एकच डिस्क टोकाला असताना ते योग्यच होते, पण तिच्यापुढे दुसरी डिस्क जोडताना हिचे पॅक काढायचे राहून गेले. कार्ड, मधली डिस्क आणि शेवटची डिस्क अशी तीन टर्मिनेशन एका केबलवर आली आणि संकेत देताना तारांवरचे व्होल्ट खाली ओढण्यासाठी प्रत्येक उपकरणाला नको इतका प्रवाह पेलावा लागला. एवढ्या साध्या कारणावरून चालू डिस्क भंगारात जातात, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

पुरवठा बंद केल्यावर तंत्रज्ञ चिमट्याने एकेक पॅक सरळ वर उचलतात. घाई नाही, कारण वाकलेला पाय सॉकेटमध्येच तुटू शकतो. पॅकच्या एका कडेचा ठिपका कोणत्या बाजूला होता, हे ते आधी कागदावर लिहून ठेवतात. उलटा बसवलेला पॅक काम करत नाही. केबलची लालसर कड पहिल्या पिनकडे आहे ना, हेही एकदा पाहिले जाते.

आयडीई या दुसऱ्या जोडणीच्या डिस्कमध्ये हे पॅक काढण्या-घालण्याचे काम नसते; तेथे मास्टर-स्लेव्हचे, म्हणजे पहिली डिस्क कोणती आणि दुसरी कोणती हे ठरवणारे, जंपर पाहावेत आणि एकच डिस्क असेल तर ती केबलच्या टोकाला लावावी, मधला कनेक्टर रिकामा ठेवावा.

वाचन आता अडत नाही. दोन्ही डिस्कची प्रत उतरवून घेतली जाते. तिच्यातला मराठी मजकूर युनिकोड या आजच्या सामायिक अक्षरसंकेतापूर्वीच्या फॉन्टमध्ये असल्याने त्याचे रूपांतर अजून व्हायचे आहे.

काढलेले तीन पॅक तंत्रज्ञ कागदाच्या पुडीत बांधतात, वर डिस्कचा क्रमांक लिहितात आणि पुडी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवतात. ही डिस्क पुन्हा कधी टोकाला लावावी लागली, तर ते लागतील.