शनिवारी ठरणारं रविवारचं जेवण

(बेळगावात कॅम्प भागातल्या महिलांच्या एका मेळाव्यात, उपवासकाळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

भगिनींनो, ईस्टरला मुख्य पदार्थ काय करावा, एवढाच विषय मला दिला आहे. चाळीस वर्षं मी हे जेवण रांधते आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय, ते आधीच सांगते. ईस्टरचा मुख्य पदार्थ एकच असावा आणि तो असा असावा, की रविवारी सकाळी त्याला आपली गरज पडू नये.

आपल्या घरांतला तो आठवडा डोळ्यांसमोर आणा. कॅथलिक घरातली बाई शनिवारी रात्री जागरणाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाते. चर्चबाहेर नवा अग्नी पेटतो, त्यावरून मोठी मेणबत्ती पेटते, घरी परतायला मध्यरात्र होते. प्रोटेस्टंट घरातली बाई पहाटे चारला उठून दफनभूमीत जाते, आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं ठेवते आणि उजाडता उजाडता उपासनेला उभी राहते. आपल्याकडे सणाचं जेवण दुपारचं. म्हणजे रात्रभर जागलेली किंवा पहाटेपासून उभी असलेली बाई सकाळी नऊला ओट्याशी येते आणि एक वाजता पंधरा पानं वाढायची असतात. अशा वेळी मटण, चिकन, डुक्कर, बिर्याणी असे चार पदार्थ मांडले, की घरातल्या एका माणसाचं ईस्टर होतच नाही. माझ्या आईचं कित्येक वर्षं झालं नाही. पाहुणे हात धुऊन उठायचे तेव्हा ती पहिला घास घ्यायची, तोही उभ्यानं. मला हे मान्य नाही, म्हणून मी बोलायला उभी आहे.

आता पदार्थांकडे येऊ. कोकराचं मांस या सणाला का, हे आपल्याला ठाऊक आहे. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाचा, म्हणजे यहुद्यांच्या सुटकेच्या सणाचा, विधी सांगितलाय. कोकरू विस्तवावर भाजायचं, पाण्यात शिजवायचं नाही, बेखमीर भाकरी आणि कडू भाजीबरोबर खायचं. ख्रिस्ताला आपण देवाचं कोकरू म्हणतो, त्यामुळे तो धागा ईस्टरच्या ताटापर्यंत आला. ग्रीसमध्ये आजही अख्खं कोकरू सळईवर भाजतात, आणि मध्यरात्रीच्या उपासनेनंतर उपवास सोडतात तो त्याच कोकराच्या काळजा-आतड्यांच्या सूपानं. आपल्या वजडीच्या रश्श्याची आठवण यावी असाच तो प्रकार. अमेरिकेत मात्र ईस्टरला हॅम असतं. शरद ऋतूत डुक्कर कापायचं, मांस मिठात मुरवायचं, धुरावायचं, म्हणजे हिवाळा संपताना ते तयार होतं आणि ईस्टरच्या सुमारास खायला मिळतं. त्यांच्या हवेनं त्यांना तो पदार्थ दिला. डब्यातलं हॅम आणून आपण तीच नक्कल का करावी? आपल्या हवेनं आपल्याला काय दिलंय ते पाहावं.

२१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेपुढचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून बहुतेक वर्षी तो हनुमान जयंतीच्या मागोमाग येतो आणि कधी होळीच्या मागोमाग. २०२४ मध्ये होळीनंतर आठवड्याच्या आतच, ३१ मार्चला आला होता. त्या दिवसांत खानापूरकडून कोवळे फणस येतात, ओले काजूगर येतात, कैऱ्या येतात. आणि उन्हाळा भरात असतो, हे विसरू नका. त्याचं पुढे बोलते.

पहिली पसंती माझी मटणाच्या अख्ख्या मांडीला. दोन किलोची मांडी आठ माणसांना पुरते. आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बोकड, त्यात चरबी कमी, म्हणून ते उघडं भाजलं की चामड्यासारखं होतं. त्याला झाकून, मंद आचेवर, भरपूर वेळ द्यावा लागतो. शनिवारी सकाळी मांडीला सुरीनं खोल चिरा द्या, मीठ चोळा, आलं-लसूण, घट्ट दही, भाजलेले धने-जिरे, मिरी आणि संकेश्वरी मिरचीचं वाटण लावून फ्रीजमध्ये ठेवा. संकेश्वरी मिरची आपल्या हुक्केरी तालुक्यातली. तिखटपणा तिचा घ्या आणि रंगासाठी ब्याडगी. रविवारी सकाळी नऊच्या सुमारास मांडी खोलगट ट्रेमध्ये ठेवून खाली कांद्याच्या जाड चकत्या आणि कपभर पाणी घाला, वरून फॉइल घट्ट बांधा. १६० अंशांवर तीन तास. मग फॉइल काढून आच वाढवा आणि वीस-पंचवीस मिनिटं वरचा रंग येऊ द्या. बाहेर काढल्यावर लगेच कापू नका. वीस मिनिटं झाकून ठेवा; रस आत मुरतो, नाहीतर सगळा ताटात वाहून जातो. त्या तीन तासांत तुम्ही अंघोळ करा, आल्यागेल्याशी बोला, नातवंडांना अंडी वाटा.

इथे माझी एक चूक सांगते, कारण ती अनेकींकडून होते. लग्नानंतरच्या दुसऱ्या ईस्टरला मी मांडी मऊ व्हावी म्हणून अर्धी वाटी कच्ची पपई वाटून लावली आणि रात्रभर ठेवली. सकाळी हात लावला तर वरचं मांस पिठासारखं बोटाला चिकटत होतं. भाजल्यावर बाहेरून लगदा आणि आत हाडाजवळ तसंच घट्ट. सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी सगळं सोडवून खिमा केला आणि मटार घातला. पपईतला पाचक रस मांसाचे धागेच तोडतो आणि तो बाहेरून आत येतो. म्हणून किलोला दोन चमचे आणि दोन तास, याच्या पलीकडे जाऊ नका. रात्रभर ठेवायचं असेल तर दही पुरेसं आहे.

मघाशी मागून एका मावशींनी विचारलं, की ओव्हन नसेल तर? मावशी, माझ्या लहानपणी आमच्याकडेही नव्हता. पावाची भट्टी रिकामी झाली, की आई ट्रे घेऊन मला बेकरीत पाठवायची. विझत्या भट्टीच्या धगीत मांडी दोन-तीन तास राहायची. आता तशी भट्टी जवळ असेल तर विचारून बघा, नसेल तर जाड बुडाचं मोठं पातेलं घ्या. मांडी आधी तेलात सगळीकडून परतून घ्या, झाकणाच्या कडेला कणीक लिंपा आणि खाली तवा ठेवून अगदी बारीक आचेवर तीन तास ठेवा. कणीक करकरीत वाळून सुटायला लागली, की घरभर वास जातो. तो वास मला आजही पुनरुत्थानाचा वास वाटतो.

दुसरा पदार्थ विंदालू. चोर्ल्याचा घाट आणि लोंढ्याची रेल्वे यांनी आपल्या कितीतरी घरांची नाती गोव्याशी बांधली आहेत; त्या घरांना हा नवा नाही. विंदालूत बटाटा घालायचा नसतो. त्या नावातला ‘आलू’ म्हणजे बटाटा नव्हे, तो पोर्तुगीजांचा लसणीचा शब्द आहे. वाइन आणि लसूण यांत मुरवलेलं मांस, असा मूळ पदार्थ. इथे वाइनच्या जागी माडाचा शिरका आला. मिरचीसुद्धा पोर्तुगीजांनीच अमेरिका खंडातून आणली. हा पदार्थ ईस्टरसाठीच बनलाय असं मला वाटतं, कारण तो थांबतो. थांबल्यानं सुधारतो.

त्याची आखणी अशी करा. मसाला गुरुवारीच वाटून ठेवा. किलोभर डुकराच्या मांसाला पंधरा ब्याडगी, चार संकेश्वरी, लसणीचा अख्खा गड्डा, बोटभर आलं, चमचाभर जिरं, दहा-बारा मिरी, सहा लवंगा, दालचिनीचा तुकडा. हे सगळं अर्धा कप शिरक्यात भिजवून त्यातच वाटा. पाण्याचा थेंब नको. शिरक्यामुळेच तो मसाला टिकतो. बरणी फ्रीजमध्ये. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, चुलीला विसावा. शनिवारी पहाटे मांस आणा, मसाला चोळून दुपारपर्यंत ठेवा आणि मिस्साला जाण्याआधी शिजवून ठेवा. चरबी असलेला तुकडा मागून घ्या, ती सुटूनच वर तवंग येतो. भांडं स्टीलचं किंवा खानापूरचं मातीचं मडकं. अॅल्युमिनियम आणि बिनकल्हईचं पितळ शिरका खातो, त्यात मुळीच नको. शिजलेलं मांस रात्रभर ओट्यावर ठेवायचे दिवस आता नाहीत. एप्रिलच्या उकाड्यात दोन तासांत फ्रीजमध्ये जायला हवं आणि रविवारी पूर्ण उकळी आणूनच वाढायला हवं. गोव्याच्याच सोरपोतेलचंही असंच, तो तर तिसऱ्या दिवशी खरा लागतो. पण काळीज आणि मांस बारीक चिरायला दोन तास जातात. हाताशी माणूस असेल तरच त्याच्या वाटेला जा. बरोबर सान्ना, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या इडल्या, नाही जमल्या तर पाव, नाहीतर येळ्ळूरच्या शिवारातल्या बासमतीचा साधा भात.

निपाणी-चिक्कोडीकडच्या बहिणी आल्या आहेत, त्यांच्याकडे गोव्यापेक्षा कोल्हापूरचा हात जास्त. बेळगावात १८२० पासून ख्रिस्ती मिशनचं काम आहे आणि त्यातून उभी राहिलेली मराठी घरं आपल्या चवीला धरून राहिली. तुम्ही विंदालू शिकायलाच हवा असं नाही. तुमच्याकडे पांढरा रस्सा आहे. उपवासकाळभर चर्चमध्ये जांभळा रंग असतो आणि ईस्टरला पांढरा येतो. त्या दिवशी वाटीत पांढरा रस्सा असणं मला फार शोभून दिसतं. मटण शनिवारी शिजवून अळणी पाणी काढून ठेवा, काजू-खसखस-तिळाचं वाटणही करून ठेवा. नारळाचं दूध मात्र रविवारीच काढा आणि ते घातल्यावर उकळू देऊ नका, फुटतं. सुकं मटण शनिवारचंच चालेल.

कोंबडीबद्दल थोडक्यात. दोघा-तिघांच्या घरी गोव्याकडचा कोंबडीचा काफ्रेल करा. हिरवं वाटण लावून ठेवलं की अर्ध्या तासात होतो. गावरान कोंबडी त्याला नको, ती रश्श्यालाच बरी.

आता शाकाहारी पाहुणे. आपले शेजारी लिंगायत आहेत, जैन आहेत, आणि आपण त्यांना सणाला बोलावतो. त्यांच्यासाठी कोपऱ्यात बटाट्याची भाजी ठेवणं मला बरं वाटत नाही. आपल्यासाठी मांडी आणि त्यांच्यासाठी उरकलेलं काहीतरी, असं ताट वाढू नये. कोवळा फणस घ्या, कुयरी म्हणतात तो. हाताला, सुरीला तेल लावा, चीक धरत नाही. मोठे तुकडे करून हळद-मिठाच्या पाण्यात दोन शिट्ट्या, मग तेलात खरपूस परता. खोबरं, खसखस, धने, बडीशेप, दगडफूल भाजून गोव्याच्या शागुतीचा मसाला करा आणि त्यात सोडा. भांडी-पळ्या वेगळ्या ठेवा, आणि ते पाहुण्यांना कळू द्या, म्हणजे ते निर्धास्त जेवतील. जैन पाहुण्यांचं कांदा-लसूण आधी विचारून घ्या. त्यांच्यासाठी ओल्या काजूची उसळ, खोबरं आणि थोडा गूळ घालून, बिनकांद्याची सुरेख होते. आमच्याकडे मांसाहारी माणसंसुद्धा आधी फणस संपवतात.

शेवटी एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय. मुलं पुण्याला, बेंगळुरूला. घरी आम्ही दोघंच, अख्खी मांडी कोणासाठी करू? बाई, ज्या अध्यायाचं मी मघाशी नाव घेतलं त्यातच याचं उत्तर आहे. एखाद्या घरात कोकरू संपण्याइतकी माणसं नसतील तर शेजारच्या घराबरोबर ते वाटून घ्यावं, आणि सकाळपर्यंत काही उरू नये, असं तिथे सांगितलंय. माझीही मुलं दूर आहेत. मी या वर्षी समोरच्या घरातल्या ताईंशी बोलून ठेवलंय. मांडी त्यांच्या ओव्हनमध्ये होईल, फणस माझ्याकडे शिजेल, आणि पानं आमच्या व्हरांड्यात मांडायची आहेत, कारण तिथे दुपारी वारा येतो.