हात मागे, नजर पुढे

(सोलापुरात शारीरिक शिक्षणाच्या शिक्षक-शिक्षिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

शिक्षक बंधू-भगिनींनो, आणि मागच्या रांगेत सरावाच्या कपड्यांतच येऊन बसलेल्या मुलींनो,

सुरुवात एका भागाकाराने करते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये टियाना मॅडिसन, ॲलिसन फेलिक्स, बियांका नाइट आणि कार्मेलिटा जेटर या अमेरिकेच्या चौघींनी ४ बाय १०० मीटर रिले, म्हणजे चौघींनी एकीमागून एक शंभर-शंभर मीटर धावायची शर्यत, ४०.८२ सेकंदांत जिंकली. पूर्व जर्मनीचा १९८५ पासूनचा ४१.३७ सेकंदांचा जागतिक विक्रम त्यांनी अर्ध्या सेकंदाहून अधिक फरकाने मोडला. आता ४०.८२ ला चाराने भागा. प्रत्येकीच्या वाट्याला साधारण १०.२ सेकंद येतात. एकटीने शंभर मीटर धावण्याचा महिलांचा जागतिक विक्रम मात्र १०.४९ सेकंदांचा, फ्लॉरेन्स ग्रिफिथ जॉयनरचा, १९८८ चा. आणि या चौघींपैकी एकीलाही तो कधी गाठता आलेला नाही. मग ही बचत आली कुठून?

उत्तर सोपे आहे, पण आपण ते मैदानावर विसरतो. शून्यातून वेग घ्यायला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि रिलेत तो खर्च फक्त पहिलीला करावा लागतो. उरलेल्या तिघी बॅटन, म्हणजे एकीने दुसरीच्या हातात द्यायची दांडी, हातात येण्याआधीच धावत असतात. म्हणजे रिलेचा सगळा नफा बॅटनच्या देवाणघेवाणीत आहे, आणि सगळा तोटाही तिथेच आहे. तरीही तालुक्याच्या स्पर्धेला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आपण शंभर मीटरच्या निकालाचा कागद काढतो, वरची चार नावे उतरवतो आणि संघ तयार झाला म्हणतो. माझी तक्रार या कागदाबद्दल आहे.

४ बाय १०० मध्ये बॅटन ट्रॅकवर आखलेल्या तीस मीटरच्या पट्ट्यात द्यावी लागते. पूर्वी हा पट्टा वीस मीटरचा होता आणि त्याच्या मागे वेग घेण्यासाठी आणखी दहा मीटर मिळत. आता ते सगळे एकच झाले आहे. पंच पाहतात ती बॅटन कुठे आहे हे. धावणारीचे पाय पट्ट्याच्या आत आहेत की बाहेर, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. बॅटन २८ ते ३० सेंटिमीटर लांब आणि किमान ५० ग्रॅम वजनाची असते. ती पहिलीच्या उजव्या हातातून दुसरीच्या डाव्या, तिथून तिसरीच्या उजव्या आणि चौथीच्या डाव्या हातात जाते, मागावरच्या धोट्यासारखी एकदा इकडे, एकदा तिकडे. बॅटन घेतल्यावर हात बदलायचा नसतो, कारण त्या बदलात पावलाची लय तुटते.

तुमच्यापैकी बहुतेकींनी खो-खो खेळलेला आहे, म्हणून त्याच भाषेत सांगते. पाटीवर बसलेल्या मुलीला मागून येणारी दिसत नाही. पाठीला स्पर्श झाला आणि ‘खो’ ऐकू आला की ती उठते, आणि त्याआधी उठली तर तो फाउल असतो. रिलेत हेच उलटे आहे. पट्ट्याच्या अलीकडे, ठरलेल्या पावलांवर, ट्रॅकवर चिकटपट्टी लावलेली असते. येणारी त्या खुणेवर पोहोचली की घेणारीने पूर्ण जोर लावून सुटायचे, मागे पाहायचे नाही, आणि ‘हात!’ ही हाक आली की हात मागे करून तो स्थिर ठेवायचा. हात कुठे आहे हे देणारीने पाहायचे असते. घेणारीने तो हलवायचा नसतो. चिकटपट्टी किती पावलांवर, हे कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. ते त्या दोन मुलींचे असते, आणि जोडीतली एक बदलली की पुन्हा मोजावे लागते.

मी स्वतः एक शर्यत मागे वळून पाहून घालवलेली आहे. कॉलेजच्या संघात मी तिसरी होते. दुसरी धावणारी दुसऱ्या वर्गातली, आमची ओळख आदल्या दिवशीची. खुणेवर ती आली, मी सुटले, आणि चार पावलांनंतर वाटले, ही पोहोचणार नाही. मी वळून पाहिले. मान वळली तसा खांदा वळला, खांद्यामागून हात हातभर बाजूला गेला, आणि बॅटन माझ्या मनगटाच्या हाडावर आपटून खाली पडली. मातीचा ट्रॅक होता, तिचा आवाजसुद्धा झाला नाही. पुढची कित्येक वर्षे मी सांगत राहिले की तिने नीट दिली नाही.

मोठ्या स्पर्धांतल्या मोठ्या संघांचेही असेच होते. १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर पुढे असलेल्या जर्मन मुलींकडून शेवटच्या देवाणघेवाणीत बॅटन पडली आणि सुवर्णपदक अमेरिकेला गेले. त्याच अमेरिकेच्या महिलांनी २००४ मध्ये अथेन्सला पट्ट्याबाहेर बॅटन दिली आणि २००८ मध्ये बीजिंगला ती पाडली. २०१६ च्या रिओतला प्रसंग वेगळा. प्राथमिक फेरीत ब्राझीलच्या धावपटूचा धक्का लागून फेलिक्सच्या हातातली बॅटन सुटली. तिची सहकारी इंग्लिश गार्डनर हिने ती उचलली आणि चौघींनी शर्यत रखडत का होईना, पण पूर्ण केली. दाद मागितल्यावर त्यांना त्याच संध्याकाळी रिकाम्या ट्रॅकवर एकट्यांना पुन्हा धावायला मिळाले, शेजारी कोणीही नसताना, फक्त घड्याळाशी. त्यांनी ४१.७७ सेकंद घेतले आणि अंतिम फेरीत आतल्या, म्हणजे सर्वांत अवघड वळणाच्या पहिल्या लेनमधून ४१.०१ मध्ये सुवर्ण जिंकले.

भारतीय महिलांची कीर्ती ४ बाय ४०० मधली. १९८४ मध्ये लॉस एंजलिसला पी. टी. उषा, शायनी अब्राहम, एम. डी. वलसम्मा आणि वंदना राव ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या आणि सातव्या आल्या. आशियाई स्पर्धांत २००२ च्या बुसानपासून २०१८ च्या जकार्तापर्यंत सलग पाच सुवर्णपदके आपली. २०२३ च्या हांगझोऊला बहारीनच्या मागे रौप्य मिळाले, त्या संघात आपल्या मुंबईची ऐश्वर्या मिश्रा होती. या कहाणीत एक डागही आहे आणि तो लपवू नये: २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या चौघींपैकी तिघी पुढच्या वर्षी उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्या.

४ बाय ४०० मध्ये येणारी दमलेली असते, त्यामुळे घेणारी वळून पाहूनच बॅटन घेते. तिथे दशांश सेकंद गेला तर तो पुढच्या चारशे मीटरमध्ये भरून काढता येतो. ४ बाय १०० मध्ये तेवढी उसंत नाही, आणि मला वाटते, आपण तिथे मागे पडलो त्याचे निम्मे कारण हे आहे. चार वेगवान मुली मिळणे अवघड खरेच. पण त्याच चौघींना महिनोन्महिने एकत्र ठेवणे आपल्याला त्याहून अवघड जाते. एरवी १९५४ मध्ये मनिलाच्या आशियाई स्पर्धेत ४ बाय १०० चे सुवर्णपदक भारतीय महिलांनीच जिंकले होते. त्या संघातल्या स्टेफी डिसूझांना पुढे १९६३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मात्र हॉकीसाठी.

आता मागच्या रांगेकडे वळते. उद्या सकाळी साडेसहाला मैदानावर या. बॅटन नसली तरी चालेल, झाडूच्या दांड्याचा वीतभराहून थोडा लांब तुकडा पुरेल; चिकटपट्टी मी आणते. पहिले दोन दिवस कोणीही पळणार नाही. दोघी-दोघींनी एकामागे एक चालायचे, मागचीने ‘हात!’ म्हणायचे आणि पुढचीने हात मागे करायचा. जी वळून पाहील, तिची पाळी पुन्हा पहिल्यापासून. आणि चुकीचा हात पुढे आला तर माझ्याकडे बोट दाखवून हसायला हरकत नाही, मनगटावरची ती जागा थंडीत अजून दुखते.