शिवनेरीची वेलांटी

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

माझे आयुष्य अक्षरजुळणीत गेले. उमेदवारीच्या काळात मी शिशाचे खिळे जुळवले, पुढे फोटोटाइपसेटिंग आले, मग संगणक आला, आणि आजही मी मराठी पुस्तकांची पाने संगणकावर लावतो. अशा माणसाने व्हिडिओ गेमच्या परिषदेविषयी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना अनपेक्षित वाटेल. माझी भाची पुण्यातल्या एका गेम स्टुडिओत चित्रकार म्हणून काम करते. २०२३ च्या नोव्हेंबरात ती हैदराबादच्या परिषदेला निघाली, तेव्हा मला म्हणाली, "मामा, तुम्हीही चला. तिथे तुमच्या कामाचं काहीतरी नक्की सापडेल." तिच्या आग्रहाखातर मी गेलो, आणि तिथे मला जे सापडले ते आज आपल्यापुढे मांडतो आहे.

या परिषदेचे नाव इंडिया गेम डेव्हलपर कॉन्फरन्स. पूर्वी ती नॅसकॉम या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या नावाने भरत असे आणि काही वर्षे तिचा मुक्काम आपल्या पुण्यातच होता. पुढे ती हैदराबादला गेली. एका बाजूला व्याख्यानांची दालने होती. तिथे अर्थव्यवस्थेपासून ध्वनिमुद्रणापर्यंत सर्व विषयांवर लोक बोलत होते. दुसऱ्या बाजूला छोट्या टेबलांवर निर्माते आणि प्रकाशक ठरवून भेटत होते. पण माझा बहुतेक वेळ तिसऱ्या भागात गेला. दोन-तीन माणसांच्या छोट्या स्टुडिओंनी, म्हणजे ज्यांना त्या जगात इंडी म्हणतात त्यांनी, तिथे आपले अपुरे खेळ मांडले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात कंट्रोलर देऊन ते खेळून पाहायला सांगत होते.

त्या भागातली एक रीत मला फार आवडली. खेळणारा खेळत असताना निर्माता त्याच्या मागे उभा राहतो आणि काहीही बोलत नाही. कुठे जायचे ते खेळणाऱ्याला कळले नाही, दार दिसले नाही, उडी चुकली, तरी तो सांगत नाही. तो फक्त वहीत नोंद करतो. कारण उद्या हा खेळ घराघरांत पोहोचेल तेव्हा समजावून सांगायला तो तिथे असणार नाही. मुद्रितशोधनाची कच्ची प्रत त्रयस्थाच्या हाती देऊन तो कुठे अडखळतो हे पाहणारा चांगला संपादक मला तिथे पदोपदी भेटत होता. विशी-पंचविशीची ती मुले आपल्या दोन-तीन वर्षांच्या कामातली चूक इतक्या शांतपणे पाहू शकतात, याचे मला मनापासून कौतुक वाटले.

हा उद्योग आपल्याकडे अगदी काल जन्मलेला नाही. बंगळुरूची ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही कंपनी १९९७ मध्ये सुरू झाली. पुण्यात युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून आहे. परंतु या काळातले बरेचसे काम परक्या खेळांसाठी होते: गाड्या, झाडे, इमारती, कपडे यांची त्रिमितीय रूपे तयार करून द्यायची, तयार खेळ तपासायचे, चुका शोधायच्या. या कामाला मी कमी लेखत नाही. हात त्यातूनच तयार होतात, आणि छापखान्यातही आमचे हात लग्नपत्रिकांवरच तयार झाले. स्वतःची गोष्ट स्वतःच्या नावाने सांगण्याचा टप्पा मात्र उशिरा आला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०१७ मध्ये 'राजी' या खेळासाठी लोकवर्गणी मागितली, तेव्हा ठरवलेली रक्कम जमली नाही. तरीही त्यांनी काम सोडले नाही, आणि २०२० मध्ये तो खेळ जगासमोर आला, त्याच वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकनही मिळाले. परिषदेत या खेळाचा उल्लेख मी अनेकदा ऐकला, आणि तो नेहमी आधार वाटावा अशा सुरात होत असे.

आता मी मुख्य गोष्टीकडे येतो. एका टेबलापाशी आपल्याकडची दोन मुले बसली होती. त्यांचा खेळ किल्ल्यांवरचा होता: रात्रीच्या वेळी निरोप घेऊन एका गडावरून दुसऱ्या गडावर पोहोचायचे, पहारे चुकवायचे, वाट लक्षात ठेवायची. चित्रे सुरेख होती. आणि माझ्या पाहण्यात आलेल्या इतर बहुतेक खेळांत इंग्रजीच दिसत असताना या मुलांनी खेळात मराठी पर्याय ठेवला होता. मी तो निवडला. पडद्यावर पहिलाच शब्द आला, 'शविनेरी'.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मुले ओशाळली. एकजण म्हणाला, "काका, आम्ही शिवनेरीच लिहिलंय, पण ते असंच दिसतं." खरोखरच त्यांचे लेखन बरोबर होते. संगणकाच्या स्मृतीत देवनागरी उच्चाराच्या क्रमाने साठवली जाते. आधी श, मग त्याची पहिली वेलांटी. दाखवताना मात्र ती वेलांटी उचलून श च्या आधी आणून ठेवावी लागते. त्यांनी वापरलेले इंजिन, म्हणजे ज्याच्या पायावर खेळ उभा करतात ते तयार सॉफ्टवेअर, जगभर चालणारे होते, पण त्या इंजिनाच्या अक्षर दाखवणाऱ्या भागाला ही उचल ठाऊक नव्हती. आलेली चिन्हे आल्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडायची एवढेच तो जाणत होता. त्यामुळे वेलांटीची दांडी श नंतर उभी राहिली आणि तिची कमान पुढच्या व वर गेली. 'दुर्ग' मधला रफार ग च्या डोक्यावर चढला नव्हता. र पाय मोडून तसाच शेजारी उभा होता. 'रात्र' चे तर तुकडे झाले होते.

यावर मुले काय करतात हे मी विचारले, आणि उत्तर ऐकून मी खरोखर अस्वस्थ झालो. काहीजण प्रत्येक वाक्याचे चित्र करून चिकटवतात. मग एक शब्द बदलायचा तर नवे चित्र काढावे लागते. काहीजण युनिकोड मजकुराचे, म्हणजे आज सर्वत्र चालणाऱ्या समान संकेतनातल्या मजकुराचे, कृतिदेवसारख्या जुन्या फाँटच्या सांकेतिक अक्षरांत रूपांतर करतात, म्हणजे आतमध्ये निरर्थक इंग्रजी अक्षरे आणि वर देवनागरीचा मुखवटा. हा उपाय मी तीस वर्षांपूर्वी रोज करत होतो. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली की मजकुराची राख व्हायची, हे माझ्या पिढीने भोगले आहे. त्या जाचातून सुटलो असे आम्ही मानत असताना आजची मुले त्याच वाटेने मागे जात आहेत. आणि बाकीचे, म्हणजे बहुसंख्य, मराठीचा नाद सोडून देतात. विकत घ्यायचे खेळ परदेशातल्या ग्राहकावर डोळा ठेवून बनतात हे इंग्रजीचे एक कारण आहेच. पण ज्यांना मनापासून मराठी हवी आहे त्यांनाही आठवडाभराच्या झटापटीनंतर ती काढून टाकावी लागते, हे दुसरे कारण मला अधिक लागते.

पडद्यावर देवनागरी आणण्याचे काम या देशात एकदा झालेले आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेकडे आले, आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेचे मुख्य ठाणे पुण्यातच आहे. संगणकात बसवायचे जिस्ट कार्ड मी वापरलेले आहे. पहिल्यांदा पडद्यावर जोडाक्षर आपोआप जुळताना पाहिले, तेव्हा आमच्या छापखान्यातले सगळे जण उठून बघायला आले होते. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या संकेतनाचे राष्ट्रीय मानक आले, मग युनिकोड आले. आज हार्फबझ नावाचे मुक्त साधन हे काम उत्तम करते. ते नाव फारसी आहे, आणि त्यातला 'हर्फ' म्हणजे अक्षर. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड या सर्वांत तेच आहे. २०२३ च्या मार्चमध्ये आलेल्या गोडो या मुक्त इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीतही ते आहे. म्हणजे विद्या उपलब्ध आहे. ती प्रत्येक इंजिनात आणि प्रत्येक मुलापर्यंत पोहोचलेली नाही.

भाषा ही शेवटी लावायची सजावट आहे, असा एक सूर मी परिषदेत ऐकला. मला तो मान्य नाही, आणि त्यासाठी मी पोलंडचे उदाहरण देतो. सीडी प्रोजेक्ट ही कंपनी १९९४ मध्ये दोन मित्रांनी काढली, ती परदेशी खेळ पोलंडमध्ये विकण्यासाठी. नकली प्रतींनी भरलेल्या त्या बाजारात १९९९ मध्ये त्यांनी 'बाल्डर्स गेट' हा मोठा खेळ संपूर्ण पोलिश भाषेत, नामांकित नटांचे आवाज घेऊन आणला, आणि पहिल्याच दिवशी त्याच्या १८,००० प्रती गेल्या. पोलिश कथांवर बेतलेला त्यांचा स्वतःचा पहिला खेळ, 'द विचर', त्यानंतर २००७ मध्ये आला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी त्यांनी आपल्या भाषेत खेळणारा माणूस उभा केला, नंतर त्याच्यासाठी गोष्ट लिहिली.

तमिळचे उदाहरण आणखी जवळचे आहे. २०२३ मध्ये टोरांटोच्या एका छोट्या स्टुडिओने 'वेनबा' हा खेळ केला. कॅनडात स्थायिक झालेली एक तमिळ आई, तिच्या आईची जीर्ण पाककृतींची वही, आणि त्या वहीतली पुसलेली अक्षरे. त्यामुळे हरवलेली पाककृतीची पायरी खेळणाऱ्याने ओळखायची. पुढच्या वर्षी या खेळाला ब्रिटनचा पदार्पणाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. माझ्या भाचीने तो मला घरी खेळून दाखवला, आणि इडलीपात्राच्या थरांशी मी बराच वेळ अडकून पडलो. त्या खेळाचा सगळा जीव अक्षर पुसले जाण्यात आहे. लिपी बाजूला काढली तर तिथे खेळ उरत नाही.

आपल्या राज्यातही आता हालचाल आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंगसाठीच्या धोरणाला मान्यता दिली. २०५० पर्यंतचा ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा त्यात आहे. या दोन निर्णयांची गाठ अजून कोणी घातलेली मला दिसत नाही. माझी मागणी फार लहान आहे. त्या रकमेतला एक कणभर भाग खेळांच्या इंजिनांत मराठी नीट दिसते की नाही हे तपासण्यासाठी ठेवावा, आणि तपासणीचा मजकूर, फाँट, सूचना हे सर्व कोणालाही फुकट मिळावे. इमारती आणि जमिनीच्या मानाने याला लागणारा पैसा नगण्य आहे.

त्या दोन मुलांशी माझा संपर्क राहिला. कित्येक महिन्यांनी त्यांनी आपला खेळ गोडोवर हलवला आणि मला नवी प्रत पाठवली. सुरुवातीलाच 'शिवनेरी' जिथल्या तिथे होते. रफार चढला होता, 'रात्र' अखंड होती. पण 'किल्ला' मधला ल हिंदी वळणाचा होता, आणि श सुद्धा. फाँटमध्ये मराठी वळणे असतात, परंतु हा मजकूर मराठी आहे असे इंजिनाला सांगावे लागते. न सांगितल्यास ते हिंदी वळण उचलते. मी त्यांना फोनवर ते समजावले. त्याच संध्याकाळी त्यांनी ती एक नोंद भरून मला पडद्याचे छायाचित्र पाठवले, आणि त्यात आपला ल होता. आता मी त्यांच्यासाठी तपासणीच्या शब्दांची यादी करतो आहे: दऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर, पहारेकऱ्याला, डोळ्यांत, ज्ञानेश्वर, दृष्टी, वाङ्मय. आज सभागृहातल्या कोणाला आणखी अवघड शब्द सुचले, तर जाण्यापूर्वी दाराशी ठेवलेल्या वहीत ते लिहून जावेत.