‘असेल’ आणि ‘असलाच पाहिजे’

श्रोतेहो, नमस्कार.

सेशन्स कोर्टानं फाशी दिली, हायकोर्टानं ती कायम केली आणि सुप्रीम कोर्टानं आरोपीला सोडलं, असं कानावर आलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: वकील तगडा असणार! असेलही. पण आज पुण्याचा एक खटला सांगतो. आरोपीच्या आडनावावरून वकीलमंडळी त्याला नुसतं ‘सारडा’ म्हणतात.

फेब्रुवारी १९८२ मध्ये लग्न झालं. जूनमध्ये एका रात्री ती नवविवाहिता गेली. पोटॅशियम सायनाइडनं. नवऱ्यासह तिघांना शिक्षा झाली. हायकोर्टात दोघे सुटले, नवऱ्याची फाशी राहिली.

घरातल्या खुनाची अडचण हीच. चार भिंतींच्या आत घडलेलं पाहणार कोण? इथं पुरावा म्हणजे तिचीच पत्रं, बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली. मरणाऱ्यानं मृत्यूच्या परिस्थितीबद्दल लिहून ठेवलेलं आपल्याकडे पुराव्यात घेता येतं. लिहिताना मरण समोर दिसत असलंच पाहिजे, ही इंग्लंडची जुनी अट आपल्या कायद्यानं ठेवलेली नाही.

पण गंमत बघा. गंमत हा शब्द इथं बरा नाही, तरी. ज्या पत्रांवर सरकार पक्षाची भिस्त, त्यांतूनच तिचं खचलेलं मन दिसत होतं. मग तिनं स्वतःच विष घेतलं नसेल कशावरून? नवऱ्याजवळ सायनाइड होतं, हेही शाबीत झालं नाही. त्याचा बचाव लंगडा होता म्हणावं, तर बचावाच्या लंगडेपणानं सरकार पक्षाच्या पुराव्यातली तुटकी कडी सांधली जात नाही. ‘खून केला असेल’ आणि ‘केलाच असला पाहिजे’ यांतलं अंतर मोठं आहे, हे सुप्रीम कोर्टानं पुन्हा बजावलं. परिस्थितिजन्य, म्हणजे पाहणारा साक्षीदार नसताना आजूबाजूच्या गोष्टींवरून जोडलेल्या, पुराव्याच्या पाच कसोट्या घालून दिल्या, त्यांना ‘पंचशील’ म्हटलं, आणि १७ जुलै १९८४ रोजी त्याला सोडलं.

निकाल मला पटतो. पत्रं मात्र डोक्यातून जात नाहीत. सासरच्या छळाला स्वतंत्र गुन्हा ठरवणारं कलम ४९८-अ आलं १९८३ मध्ये. ती गेली तेव्हा ते कायद्यात नव्हतंच. कोर्टापुढं मुख्य प्रश्न उरला तो विष कुणी दिलं, एवढाच.