ओहोळावरचा दिवा

नमस्कार श्रोतेहो.

पेठ तालुक्यातल्या आमच्या गावी संध्याकाळी अंगणात बसलं की समोर डोंगराची काळी रांग. त्या रांगेच्या पायथ्याला कधीमधी एक दिवा दिसायचा. हलायचा, थांबायचा, विझायचा, पुन्हा जरा पुढे पेटायचा. आजी माझा हात खाली ओढायची. "बोट दावू नको रं, वेताळाची पालखी हाय ती." आणि वर ताकीद, त्या उजेडामागं जायचं नाही, चकवा लागतो. चार पावलं चुकली की कडा, अशा मुलखात या ताकिदीनं कितीतरी जीव वाचवले असतील.

पुढे मोठा झाल्यावर मृगाच्या पावसात मामाबरोबर खेकडे धरायला ओहोळात उतरलो. हातात टेंभा, म्हणजे काठीला गुंडाळलेल्या रॉकेलच्या चिंध्या. दगड उलटायचा, टेंभा पाण्याजवळ न्यायचा, खेकड्यानं नांग्या उगारल्या की मागून पाठ दाबून धरायचा. वळणावर झाड आडवं आलं की उजेड लपे, पुढे पुन्हा दिसे. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या पाड्यावरची एक म्हातारी सांगत होती, रात्री ओहोळानं पालखी गेली. मी गप्पच राहिलो. तिनं पाहिलेला दिवा खराच होता.

उन्हाळ्यात भाजलेल्या राबाचे, म्हणजे भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर जाळलेल्या पाल्यापाचोळ्याचे, निखारे रात्री वाऱ्यानं फुलतात, पावसाच्या तोंडावर काजव्यांनी अख्खं झाड लुकलुकतं. तेही पालखीतच जमा होतात.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये ब्राउन माउंटन नावाचा डोंगर आहे. तिथल्या अशाच दिव्यांसाठी सरकारी भूगर्भ खात्याचे मॅन्सफील्ड १९२२ साली नकाशा नि उपकरणं घेऊन रात्रीचे डोंगरासमोर बसले. एकेका दिव्याची दिशा मोजली. जवळपास निम्मे मोटारींचे निघाले, एक तृतीयांश रेल्वे इंजिनांचे. पण १९१६च्या पुरात गाड्या बंद होत्या तेव्हाही दिवे दिसले, असं तिथले लोक सांगत आले. मला ते दिशा मोजणं फार मोलाचं वाटतं. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा: तिथी कोणती, पाऊस होता का, दिवा कुठल्या खिंडीवर?

आजीला मी विचारलं होतं. ती म्हणाली, "पौषातली अवस. ओहोळ कोरडा, राब भाजायला अजून लई दिस. दिवा खिंडीपाशी आला, थांबला. मंग दिसलाच नाय."